जंगम म्हणजे चालणारा

"सांगा अक्का, जंगम म्हंजे काय?"

आमच्या दारात येऊन स्वामी आधी हा सवाल टाकायचे, मग झोळीचं तोंड उघडायचे. उत्तर गल्लीतल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. मी पदर सावरून खाली बघत म्हणायचे, "चालतं ते जंगम." ते लगेच विचारायचे, "आन् बसतं ते?" मी म्हणायचे, "स्थावर." मग ते समाधानानं मान हलवायचे. "पास. टाका पीठ."

कोपऱ्यावरच्या किराणावालीला हे काही सहन व्हायचं नाही. ती गल्ल्यावरूनच बोलायची, "परीक्षा घेऊन भीक मागणारं माणूस समद्या सेलूत हेच एक हाय." स्वामी शांतपणे तिच्या पायरीशी जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, भीक न्हवं बाई, भिक्षा. तुमी सांगा, जंगम म्हंजे काय? ती म्हणायची, मला येत न्हाई. "मंग नापास. नापासाला दोन मुठी." ती हसत दोन मुठी टाकायची. ती रोज मुद्दाम नापास होत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

स्वामींना जाऊन आता वर्ष होत आलं. हे कुणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. पण कधी कुणी वाचलंच, तर तुम्हीही आपल्या गावात असा एखादा माणूस पाहिलेला असेल. खांद्यावर भगवं उपरणं, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात काठी, आणि उजव्या पायात गुडघ्याखाली घुंगरांची पट्टी. आमच्या लिंगायत घरांत जंगमाला स्वामीच म्हणतात, त्यामुळे त्यांचं नाव घ्यायची वेळ कधी आली नाही. त्यांचं घर आमच्या समोर. त्यांचं लोखंडी जाळीचं दार आणि माझं दार, मधे फक्त गल्ली. मी खानावळीसाठी घरी भाकरी करून देते. स्वामींची घुंगरं वाजली की मी तवा उतरवायचे. घड्याळाकडे बघायची गरज पडली नाही.

त्यांचं एक व्रत होतं. ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. तरुणपणी ते काशीला मठात शिकायला होते. निघताना गुरूंनी नेम घालून दिला. रोज पाच घरी पायी जायचं, पाच घरचं मूठमूठ पीठ घ्यायचं आणि त्याच पिठाची भाकरी खायची. तोवर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आणि स्वतःचं घर त्या पाचांत धरायचं नाही. मुलगा कापसाच्या जिनिंगवर हिशोबनीस होता, सून खाजगी दवाखान्यात नर्स. घरात ज्वारीची पोती थप्पीला लावलेली. पण स्वामी त्या पोत्यांकडे परक्याच्या पोत्यांसारखं बघत. भाकरी सुनेच्याच हातची खायचे, पीठ मात्र बाहेरचं.

मुलाला ते आवडत नसे. जिनिंगवर कुणीतरी त्याला म्हणालं होतं, बापाला मागायला लावतोस होय रे. तेव्हापासून तो वडील गल्लीत फिरत असले की दुसऱ्या वाटेनं गाडी घालायचा.

या जंगम शब्दाचं स्वामींना फार वेड. लेक सासरी दिल्यावर बाप तिला बघायला जातो, तसे ते या शब्दाला मुलूखभर बघून आले होते. कुठं तिला मान आहे, कुठं ती राबते आहे, कुठं तिचं नाव बदललं आहे, सगळी खबर त्यांच्याजवळ. पीठ घेऊन झालं की गल्लीत उभ्या उभ्या सांगायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली. शब्दाला माहेर असतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

ते म्हणायचे, बीदरकडं गेलं की जंगम म्हणजे गुरू. लोक पाय धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. स्वामी त्यांना म्हणाले होते, बाबांनो, मी परभणीपासून धूळ तुडवत आलो, आदी साबण तरी लावा. निजामाबादकडं जंगम म्हणजे गाणारा. तिकडचे जंगम बोटांत पोकळ कड्या घालून, तंबुऱ्यावर कथा सांगतात. तिथल्या लोकांनी स्वामींना गायला बसवलं. स्वामींचा आवाज फाटका. "दोन ओळी म्हणलो आन् ते म्हणाले, ह्यो जंगम नकली हाय. पाणी बी न देता लावून दिले मला." हे सांगताना ते इतके हसत की घुंगरं वाजत.

वर कुरुक्षेत्राच्या बाजूलाही जंगम असतात म्हणे. डोक्याला मोरपीस लावतात, शंकराच्या लग्नाची गाणी म्हणतात आणि भिक्षा हातात न घेता उलट्या धरलेल्या घंटेत घेतात. त्यांनी स्वामींना सांगितलं, आमी महादेवाच्या जांघेतून जन्मलो म्हणून जंगम. कर्नाटकात कुणी सांगितलं, पायात घुंगरांचा जंग बांधतो म्हणून जंगम. स्वामी दोन्हीकडे मान हलवून आले. "ज्याला जे गोड लागतंय ते त्यानं खावं. पर मूळ संस्कृतात हाय. गम म्हंजे जाणं. जंगमात ते जाणं दोनदा हाय बगा अक्का. जायचं, आन् आनखी जायचं."

काशीच्या एका वैद्यानं त्यांना सांगितलं होतं, सापाचं, विंचवाचं विष ते जंगम विष, आणि झाडपाल्याचं ते स्थावर. हे ऐकून किराणावालीनं विचारलं, मंग तुमी चावता का? घराच्या खरेदीखतात 'स्थावर जंगम मालमत्ता' असं लिहिलेलं असतं, त्याचंही त्यांना हसू यायचं. म्हणायचे, भांडी, बैल, दागिने, आन् मी. निजामाच्या काळच्या कागदांत त्यालाच गैरमनकुला आणि मनकुला म्हणायचे, तेही त्यांना ठाऊक होतं. एकदा कर्नाटकातल्या पाहुण्यांची लग्नपत्रिका आली. मोबाईलच्या नंबरापुढं तिकडच्या अक्षरांत 'जंगमवाणी' छापलं होतं. चालता चालता बोलायचं म्हणून जंगमवाणी. स्वामींनी ती पत्रिका झोळीत घालून अख्ख्या गल्लीला दाखवली. पत्रिका कानाला लावून मला म्हणाले, हॅलो.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला तयार होईनात. त्याच्याबरोबर आणखी काहीतरी होऊ लागलं, जे डोळ्यांचं नव्हतं. माझ्याकडून पीठ घेऊन जायचे आणि वळून परत माझ्याच दारात यायचे. मी काही न बोलता पुन्हा मूठ टाकायचे. एक दिवस ते दुपार टळली तरी आले नाहीत. सून दवाखान्यातून पळत आली, मुलगा गाडी घेऊन निघाला. संध्याकाळी देवगाव फाट्यावरच्या एका चहावाल्याचा फोन आला. स्वामी तिथं मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे होते. बिनचपलेचे. दोन्ही बाजूंनी ट्रक थांबले होते, आणि स्वामी एका ट्रकच्या तोंडापुढं झोळी पसरून भिक्षा मागत होते.

मुलानं ते डोळ्यांनी पाहिलं. तो त्यांना गाडीवर बसवून घेऊन आला, तेव्हा त्याच्यानं गाडी स्टँडला लावणंही होईना. दुसऱ्या दिवशी जाळीच्या दाराला कुलूप लागलं.

किल्ली माझ्याकडे आली. सुनेची ड्यूटी, मुलाची जिनिंग, आणि मी दिवसभर घरात. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, काकू, आग लागली तरच उघडायचं. त्यानं आवाज चढवला नव्हता, पण मला त्याच्याकडे बघवेना. मी किल्ली घेतली. कुणाला नाही म्हणायची मला सवय नाही.

आता रोज त्यांच्या वेळेला घुंगरं वाजायची, पण घरातल्या घरात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग ती जाळीशी येऊन थांबायची. झोळी खांद्याला, काठी हातात, पूर्ण तयारी. स्वामी ओरडत नसत. बोटं जाळीत घालून समोर बघत उभे राहत. मला ते दिसत होते, त्यांना मी दिसत नव्हते. तरी मी आत दडून राहायचे.

पहिल्याच दिवशी सुनेनं भाकरी वाढली. त्यांनी विचारलं, पीठ कुठलं? ती म्हणाली, घरचं. ते ताटावरून उठले. संध्याकाळी गल्लीतल्या आम्ही बायका वाट्यांत पीठ घेऊन जाळीशी गेलो. पाच घरचं पीठ तर झालं, असं आम्हाला वाटलं. स्वामींनी झोळी मिटून घेतली.

"दारी मी जायचं का दार माझ्याकडं यायचं? बसून घेतली ती भिक्षा न्हवं माय. तो पगार."

आम्ही वाट्या घेऊन परत आलो. मुलगा म्हणाला, भूक लागली की खातील. ते खाईनात. पाणी प्यायचे, लिंगपूजा करायचे आणि वेळ झाली की जाळीशी येऊन उभे राहायचे. चाल मंद होत गेली. घुंगरं वाजायची, थांबायची, मग बऱ्याच वेळानं परत वाजायची. ती थांबली की माझा हात पिठातच थांबायचा.

युक्ती सुनेनं काढली. तिला सासऱ्याचं फार होतं. ती म्हणाली, त्यांना दिसत तर न्हाई. घराला मागं अंगण हाय, बोळ हाय, न्हाणीघर हाय. तिथल्या तिथं फिरवू. पाच जणी पाच ठिकाणी उभ्या राहा, आपल्याच दारात असल्यासारखं बोला, मूठमूठ पीठ टाका. मला ते पटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. माणूस तर खंगत चाललं होतं.

सकाळी सुनेनं मागचं दार उघडून त्यांना सांगितलं, मामा, चला, आज गल्लीत सोडते. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथं थांबवेना. पण थांबले. किराणावाली तुळशीच्या कट्ट्याशी उभी होती, मी न्हाणीघराच्या भिंतीशी. सून त्यांचा हात धरून बोळातून वळवून वळवून आणत होती. किराणावालीनं नेहमीसारखा टोमणा मारला, मात्र तिचा आवाज कोरडा पडला होता. ती नापास झाली, दोन मुठी टाकल्या. मग ते माझ्यापुढं आले. मी म्हणाले, शरणार्थ स्वामी. त्यांनी विचारलं, जंगम म्हंजे काय? मी म्हणाले, चालतं ते जंगम. पीठ टाकताना माझी अर्धी मूठ खाली सांडली.

पाच मुठी झाल्या. सुनेनं घाईनं भाकरी थापली. आम्ही बायका चुलीच्या खोलीत दाटीवाटीनं उभ्या. स्वामी पाटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला, हातातच धरून ठेवला.

"अक्का, तुमी हाईत का हितं?"

मी जवळ गेले.

"गल्लीतली कुत्री मेली का समदी?"

मला कळेना.

"जल्मभर ह्या गल्लीत फिरलो. एक दिस असा न्हाई की कुत्रं भुंकलं न्हाई. आज पाच घरं फिरलो, एक बी भुंकलं न्हाई."

खोटं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि नुसतीच उभी राहिले. त्यांनी तुकडा ताटात ठेवला. रागावले नाहीत. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, तू चांगली हाईस म्हणाले, आणि भिंत चाचपत आपल्या खाटेकडे गेले. त्या दिवसापासून घुंगरं वाजलीच नाहीत.

डॉक्टर आले, सलाईन लावलं. स्वामींनी सुई काढून टाकली. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. त्यांचा हात नेसत्या धोतराच्या काठानं बांधावा लागला, तेव्हा सुनेनं तोंड फिरवलं. डॉक्टर जाताना मुलाला म्हणाले, यांना पोटात काहीतरी जायला पाहिजे, नाहीतर माझ्या हातात काही नाही. मुलगा खाटेशी उभा राहिला. मी बाहेर ओसरीवर होते, तरी त्याचं बोलणं मला ऐकू आलं.

"माझ्या घरचं चालत न्हाई तुमाला. मी कोण हाय मंग? ट्रकखाली गेलेलं चालंल, माझी भाकरी चालत न्हाई."

स्वामींचा आवाज इतका बारीक होता की मला कान द्यावा लागला.

"तू ल्योक हायस. ल्योक दाता नसतोय बाबा. तुजं समदं माजंच हाय. मंग मी मागू काय?"

मुलगा तरातरा बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते. मला पाहून म्हणाला, "काकू, कुलूप तसंच राहू द्या," आणि गाडी काढून जिनिंगवर गेला. थोड्या वेळानं सूनही गेली. तिची रजा संपली होती. जाताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू काहीतरी मागायचं आहे पण तोंडानं मागता येत नाही. सलाईन संपलं होतं, हात मोकळा केला होता.

मी घरी येऊन तवा ठेवला. एकही भाकरी नीट फुगेना. खानावळीचा माणूस येऊन गेला, त्याला अर्ध्याच दिल्या. उन्हं डोक्यावर आली. आणि समोर काहीतरी खडखडलं. स्वामी खाटेवरून उठले होते. भिंतीला धरून, काठीला धरून, जाळीपर्यंत आले होते. झोळी खांद्यावर होती. घुंगरांची पट्टी पायात बांधायची ताकद नव्हती, ती झोळीत होती. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. नुसते जाळीला धरून उभे होते.

मला भीती दोन्हीकडून होती. उघडलं आणि ते रस्त्यात पडले, तर मुलगा मला जन्मभर तोंड दाखवू द्यायचा नाही. नाही उघडलं, तर ते माझ्या डोळ्यांदेखत या जाळीशीच संपणार. आमचे मालक शेतावर होते. विचारायला कुणी नव्हतं. मी चूल विझवली, हात पुसले, गल्ली ओलांडली आणि कुलूप काढलं.

दार उघडल्याचा आवाज ऐकून ते म्हणाले, "कोन?"

"मी हाय स्वामी. मी मागं मागं येते. हात लावणार न्हाई."

ते म्हणाले, "जंगमाच्या मागं माणूस आसला की ती वरात होती."

मी म्हणाले, होऊ द्या. एवढं मी त्यांना पहिल्यांदाच उलटून बोलले. ते पायरी उतरले. कोपऱ्यावरचं पिवळं कुत्रं उठून जे भुंकायला लागलं, ते थांबेना. स्वामी जागीच उभे राहिले, त्याच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हां. आता खरं."

पहिलं घर माझंच. मी धावत पुढे जाऊन दारात उभी राहिले, पीठ टाकलं, परत त्यांच्या मागं आले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच सवाल विचारला नाही. तेवढा दम नव्हता. किराणावाली मला त्यांच्या मागं बघून म्हणाली, अक्का, तुमची झोळी कुठाय? नेहमीची थट्टा. पण ती दोन मुठी घेऊन पायऱ्या उतरून खाली आली, कारण स्वामींना आज पायरी चढवत नव्हती. गल्लीतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. आयुष्यात कधी मी अशी भर दुपारी गल्लीच्या मधून चालले नव्हते. पदर दातात धरला होता. स्वामींच्या टाचांवर नजर ठेवून चालत होते. टाचा भेगाळलेल्या, आणि प्रत्येक पाऊल टेकायच्या आधी क्षणभर हवेत थांबायचं.

तिसरं घर झालं. चौथ्या घरची सून नवी होती, तिला काही माहीत नव्हतं, तिनं वाकून नमस्कार करून पीठ टाकलं. एकच राहिलं. पाचवं घर वळणापलीकडे. स्वामी वळले, झुकले, काठीवर भार देऊन उभे राहिले. त्यांच्या छातीचा भाता माझ्यापर्यंत ऐकू येत होता. मी हात पुढं केला आणि मागं घेतला.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. गल्लीतल्या कुणीतरी फोन केला असणार. मुलानं वळणावर करकचून ब्रेक लावला, गाडी आडवी उभी केली. वाट पूर्ण बंद. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, किल्ली मी कशापायी दिलती तुमाला?"

मी फक्त स्वामींकडे बोट दाखवलं. तो वडिलांकडे बघायला लागला. किती दिवसांनी त्यानं त्यांना उन्हात पाहिलं असेल कुणास ठाऊक. घरातल्या अंधारात कळत नव्हतं, इतके ते वाळले होते. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवर लटकत होता. मला वाटलं, आता हा त्यांना उचलून गाडीवर घालील.

स्वामी दोन पावलं पुढं सरकले. काठी गाडीच्या चाकाला लागली. त्यांनी काठीनं चाक चाचपलं, मग तिथंच थांबले, झोळीचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं आणि उरलेल्या आवाजात म्हणाले, "कोरान्न भिक्षा."

ते कुणापुढं उभे होते, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. मुलाचा आवाज त्यांनी नुकताच ऐकला होता. पण त्या दिवसांत त्यांना ऐकू आलेलं किती ठरत होतं, तेही मला माहीत नाही.

मुलगा गाडीवर बसूनच राहिला. मग उतरला. कोरान्न म्हणजे न शिजवलेलं, पीठ नाहीतर धान्य; ते त्याच्याजवळ कुठलं असणार. हॅन्डलला जेवणाचा डबा लटकत होता, जिनिंगवर न खाल्लेला. त्यानं तो काढला. झाकण घट्ट बसलं होतं, त्याच्यानं निघेना. दातानं उघडलं. आतली भाकरी काढली, मोडली नाही, पूर्ण भाकरी वाकून झोळीत ठेवली. आणि वाकलेलाच राहिला.

स्वामींनी झोळीत हात घालून पाहिलं. पिठावर भाकरी. बोटं तिच्या काठावरून फिरवली. मग त्यांनी आशीर्वादाला हात उचलला, तो मुलाच्या डोक्याच्या थोडा बाजूला पडला.

"हे घर नवं दिसतंय," ते म्हणाले. "आदी कवा आलो न्हवतो हितं."

मुलानं गाडी बाजूला घेऊन वाट मोकळी केली. स्वामी घराकडे वळले आणि चालू लागले. मला वाटलं, मुलगा आता गाडीला किक मारून पुढे निघून जाईल, दार उघडून ठेवेल. त्यानं किक मारली नाही. उघडा डबा हॅन्डलला तसाच अडकवला, आणि वडिलांचं पाऊल पडेल तेवढीच गाडी ढकलत, भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या मागं मागं चालत राहिला.